दाजी, पिंप अजून भरलेलंच आहे

प्रिय दाजी,

पत्राच्या वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग खोडलं. तुम्ही म्हणाला असता, "केमिस्ट, मी काय देवळात बसलोय व्हय?" म्हणून नुसतं प्रिय. समोर असताना मी तुम्हाला असं कधी म्हटलं नसतं, तेही खरंच.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं आकडे लिहिले, तेवढंच माझं लेखन. पण काल दुपारी आक्कानं तुमच्या मागच्या दारात उभं राहून मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी वडगावला कसा परत आलो ते मला आठवत नाही. एसटीत कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे. शेजारच्या बाईंनी हलवलं तेव्हा कळलं की आपल्यालाच विचारतोय.

मला तुम्हाला जाब विचारायचा आहे आणि तुम्ही नाही. म्हणून कागदावर विचारतो.

दाजी, तुम्ही असं का केलंत? दीड वर्ष! दर रविवारी! माझ्या तोंडावर!

थांबा, नीट क्रमानं लिहितो. नाहीतर मलाच कळायचं नाही.

कारखान्यानं मला सेहेचाळीसाव्या वर्षी घरी पाठवलं ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नवी यंत्रं आली, प्रयोगशाळेतली माणसं कमी केली. मी कुणाशी भांडलो नाही. माझी स्वतःची, पदरच्या पैशांनी घेतलेली ब्रिक्सची काचेची नळी, रसात गोडवा किती ते दाखवणारी, ती तेवढी रुमालात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात ठेवली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरी कुणाला काही सांगायचं नव्हतं. मग मी बोलणंच बंद केलं. ठरवून नाही. झालं तसं.

तुम्ही एका रविवारी वडगावला आलात. हातात पिशवी. पिशवीत तीन डबे. तुमचा पुतण्या प्रमोद इंग्लंडहून आला होता, त्यानं आणलेले. घरी बिअर करायचे डबे! तिकडच्या दुकानातले सगळ्यात स्वस्त. सवलतीचं पिवळं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ह्यात काय लिवलंय वाच की," तुम्ही म्हणालात.

मी वाचलं. आत जवाच्या माल्टचा काळा पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात एक किलो साखर घालायची, तेवीस लिटर करायचं, यीस्ट टाकायचं, थांबायचं.

"मग? जमंल का तुला?"

"जमेल," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेला तो दुसरा की तिसरा शब्द असेल.

"मग ती तुझी काचंची नळी घे आणि रविवारी घरी ये. कपाटात काय अंडी घालणार हाय काय ती?"

पहिल्या पिंपाची तुम्ही कशी वाट लावलीत! डब्यावर स्पष्ट साखर लिहिली होती. तुम्ही म्हणालात, "कोल्हापुरात ऱ्हाऊन साखर? गूळ हाय की घरात!" आणि किलोच्या जागी अख्खा दोन किलो गूळ. मी म्हणणार होतो, की बिअरला गूळ चालत नाही, काकवीचा वास राहील. पण मी गप्प बसलो. तुमच्यापुढे मी नेहमीच गप्प. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर गुऱ्हाळाशेजारी कुणीतरी ताक सांडावं तसा वास! तुम्ही पेला नाकाजवळ नेलात, आक्काकडे बघितलंत आणि म्हणालात, "म्हशीला चालंल."

आक्का म्हणाली, "म्हशीनं काय पाप केलंय? आणि पोलीस आले तर दोघं जावा. माझं नाव घेऊ नका."

तेव्हा मी हसलो. बऱ्याच महिन्यांनी. तुमच्या लक्षात आलं होतं का ते? आलं असणार. आता मला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं.

दुसऱ्या डब्याला साखर घातली. ती बिअर झाली, पण पातळ. तुम्ही म्हणालात, "मधी पोकळ हाय. तोंडात आली कधी, गेली कधी, कळत न्हाय." मग मी समजावून सांगितलं, की यीस्ट साखर सगळी खाऊन टाकतं, मागं काही उरत नाही. स्वस्त डब्यात माल्ट मुळात कमी असतो, म्हणून ते साखर घालायला सांगतात. साखरेच्या जागी माल्टच घातला तर अंग भरेल. हे सांगताना मी अर्धा तास बोललो असेन. तुम्ही मान हलवत ऐकत होतात.

"मग घालूया की माल्ट."

"मिळत नाही इथं."

"करता येतो?"

येतो! धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, गरम पाण्यात ठेवायचं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून तुम्ही अडीच किलो जव आणलेत. मोड आणायचं काम आक्कानं हिसकावून घेतलं. तिनं माझ्या भाचीच्या, सुजाताच्या लहानपणी नाचणीचं सत्त्व केलेलं. "तुम्हा पुरुषांना मोड कळत न्हाईत," म्हणाली. ओल्या फडक्यात तीन दिवस, दिवसातून दोनदा पाणी, आणि मोड दाण्याएवढा झाला की गच्चीवर उन्हात. बरोबर तेवढाच लागतो. पुस्तकात मी नंतर वाचलं.

गिरणीवाल्यानं विचारलं होतं, "जव कुणाला? बाळंतीण हाय का घरात?"

आणि तुम्ही, सगळ्या बायका रांगेत उभ्या असताना, माझ्याकडे बोट करून म्हणालात, "व्हय. आमचा म्हेवणा बाळंतीण हाय."

मी तिथून पळालो होतो, दाजी. बाहेर जाऊन तुमच्या स्कूटरमागे उभा राहिलो.

मग ते भरड पासष्ट अंशांच्या पाण्यात दीड तास. पाणी जास्त तापलं तर सगळं फुकट. मी थर्मामीटर धरून बसायचो आणि तुम्ही गॅस कमी-जास्त करायचात. मधेच काढून आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं झालं नाही की समजायचं, पिठाची साखर झाली. "केमिस्ट, जादू रे!" तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात. मग धोतराच्या फडक्यातून गाळून, आटवून, घट्ट पाक करून, डब्यातल्या पाकात मिसळायचा. साखर अर्धी केली, मग पूर्ण बंद. डबा तोच, सगळ्यात स्वस्त, प्रमोद येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा तो. पण पेल्यात फेस टिकायला लागला.

माझ्या वहीत दर पिंपाची नोंद आहे. तारीख, जव किती, नळी किती दाखवते, पिंपाभोवतीचं गोणपाट गारव्यासाठी ओलं केलं की नाही. शेवटचा रकाना 'दाजी'. त्यात तुमचं मत. 'पोकळ.' 'अजून पातळ, पण वास चांगला.' 'कडू जास्त, मागं आंबूस.' 'भरली.' आणि एका ठिकाणी, 'थोडे जव तव्यावर भाजून घालावेत. भाकरी करपायच्या अगोदर वास येतो, तेवढेच भाजावेत.'

भाकरी करपायच्या अगोदरचा वास! तुम्हाला काय माहीत दाजी, भाकरी करपायच्या अगोदर कसला वास येतो? तुम्ही तर चहासुद्धा दोनदा जाळलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं! मी ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या पिंपात तसं केलं. आणि ती आजवरची सगळ्यात चांगली बिअर झाली.

मग ती बुधवारची सकाळ. तुमच्या जुन्या कारागिराचा, इस्माईलभाईंचा फोन आला, वर्कशॉपमधून. "भाई, जल्दी या. शेठ लेथपाशी बसले ते उठंनात." मी तिथं पोचेपर्यंत तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं, आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही नव्हता.

रविवारीच तर आपण यीस्ट टाकलं होतं! तीन दिवसांपूर्वी! तुम्ही पिंपाला कान लावून म्हणाला होतात, "बोलाय लागलं बघ."

सुजाता पुण्याहून निघालेली. आक्काला दोन बायकांनी धरलेलं. सह्या करायला मीच. इस्माईलभाईंनी वर्कशॉपच्या खणातून आणलेली तुमची जुनी फाईल डॉक्टरांनी उघडली, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "यांचं पिणं पूर्ण बंद होतं ना?"

मी फाईल हातात घेतली. दीड वर्षापूर्वीचा कागद. हृदयाची तक्रार, आणि खाली रेघ मारून लिहिलेलं, की मद्य अजिबात घेऊ नये.

मी ते तीनदा वाचलं. दीड वर्षापूर्वीचं! म्हणजे भाजलेल्या जवाच्या पिंपाच्याही आधीचं. म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक रविवार. दर रविवारी माझ्या हातानं मी तुमचा ग्लास भरला होता. वाकडा धरून, फेस जपून. डॉक्टर वाट बघत होते. मी म्हणालो, "हो." खोटं बोललो. ती फाईल घडी करून आत शर्टाखाली धरली, जणू कुणी वाचू नये.

दाजी, मला वाटलं, मी तुम्हाला मारलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगायचं? आक्काच्या समोर बसलो की तिच्या पायाकडे बघायचो. ती म्हणायची, "सुभाष, दोन घास खा." मला वाटायचं, हिला कळलं की ही मला उंबऱ्यात उभं करणार नाही. बारा दिवस मी तुमच्या घरात चोरासारखा वावरलो. मागच्या खोलीकडे गेलोच नाही. पिंपाचा आवाज यायचा, हवा सुटायची. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसेल. मला यायचा.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो. नैवेद्य ठेवला आणि कावळा येईना. समोर झाडावर सहा-सात बसलेले, एकही खाली उतरेना. ऊन वाढलं. तुमचे भाऊ पुढं होऊन हात जोडून म्हणाले, "वर्कशॉप बंद पडू देणार न्हाई." नाही आला. सुजाताचे यजमान म्हणाले, आईंना अंतर देणार नाही. नाही आला. मग तुमचा दोस्त रंगराव मोठ्यानं म्हणाला, "अरं, काय इच्छा राहिली असंल ते सगळ्यांना ठावं हाय! म्हेवण्याच्या पिंपातली एक बाटली ठेवा, मग बघा कसा येतोय!" लोक हसले. कुणीतरी खरंच निघालं, स्कूटरची किल्ली काढून.

"नको!"

मी ओरडलो. मी, दाजी! घाटावरचे सगळे वळून बघायला लागले. दुसऱ्या कुणाच्या तरी क्रियाकर्माला आलेले लोकसुद्धा. रंगराव म्हणाला, "आरं, चेष्टा केली पावणं." मी पाठ फिरवून पायऱ्यांवर जाऊन बसलो.

तिथून दिसलं, आक्का उठली. नैवेद्याजवळ वाकली, ओठ हलले. काय बोलली ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती मागं सरली आणि एक कावळा उतरला.

मी केमिस्ट आहे. कावळा भुकेनं आला असेल. पण तो तेव्हाच आला हेही खरं आहे.

तेरावं झालं, पाहुणे गेले. काल मी एवढ्याचसाठी आलो होतो की ते पिंप गटारात ओतायचं. मागच्या दारापर्यंत ओढत नेलं, झाकण काढलं. वास आला. भरलेला, भाजलेल्या जवाचा. मला रडू यायला लागलं आणि मी पिंप कलतं केलं.

"ओतू नगंस," आक्का म्हणाली. दारात उभी होती.

"आक्का, मला ओतू दे."

"का?"

मग माझ्या तोंडून सगळं निघालं. फाईल, डॉक्टर, दीड वर्ष, माझ्या हातचे ग्लास. म्हणालो, "आक्का, दाजींना मी मारलं. त्यांना बंद होती आणि मी पाजत होतो."

आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकी भाषा बोलतोय.

"येड्या," ती म्हणाली, "त्यांनी दीड वर्षात थेंब घेतला न्हाई."

मी म्हणालो, माझ्यासमोर ग्लास भरलेला असायचा.

"भरल्याला असायचा. तुझ्यासमोर प्यालेलं कवा बघितलंस? आठव की."

दाजी, मी आठवलं. तिथं पिंपाला टेकून उभा राहून एकेक रविवार आठवला. तुम्ही ग्लास उचलायचात, उजेडात धरायचात, वास घ्यायचात. "रंग बघ लेका!" म्हणायचात. मग उठायचात, "खारे दाणे आणतो," आणि ग्लास घेऊनच आत जायचात. बाहेर यायचात तेव्हा दाणे भरलेले आणि ग्लास रिकामा. मिशी पुसत तुम्ही मत सांगायचात आणि मी वहीत लिहायचो.

एकदाही नाही. एकदाही मी तुम्हाला पिताना बघितलं नव्हतं!

"मग कुठं जायची?" मी विचारलं.

आक्कानं मागच्या दारातल्या कढीपत्त्याकडे हात केला. तो केवढा वाढलाय, दाजी!

"सगळी?"

आक्का पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "एक घोट मी घ्यायची. औषध म्हणून. ते म्हणायचे, 'चव सांग, त्याला खरं सांगायला पायजे, नुसती वा वा केली तर केमिस्टला कळंल.' मग मी चूळ भरून सांगायची. ते भायेर जाऊन तुला सांगायचे."

आक्का! गुरुवार करणारी माझी बहीण! जिनं पोलीस आले तर नाव घेऊ नका म्हणून सांगितलेलं! 'मागं आंबूस' आक्काचं. भाकरी करपायच्या अगोदरचा वास आक्काचा. दीड वर्ष माझी बिअर तिच्या जिभेवर सुधारली, आणि मी प्रत्येक नोंदीपुढे 'दाजी' लिहीत होतो!

मी पायरीवर बसलो. छातीवरचं ओझं गेलं ते मला कळलं, पण त्या जागी काय आलं त्याला मला शब्द नाही. विचारलं, "मग हे सगळं कशासाठी, आक्का? बंद म्हणाले असते. मी पिंप उचलून नेलं असतं."

"म्हणूनच की," आक्का म्हणाली. "कारखान्यातनं आल्यावर सहा म्हयनं तू 'व्हय' आन् 'न्हाई'. दुसरं काय न्हाई. मी रातध्याड रडायची. त्या पिंपाचं इचारलं की तास-तास बोलायचास. ते म्हणायचे, 'त्याला नेमकं ठावं हाय त्या इषयावर आपण अडाणी व्हायचं. मग तो बोलतो.' नदीवर कावळा येईना तवा मी त्यांस्नी सांगितलं, सुभाषला आता मी सांगते. मग उतरला."

दाजी, तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी काय काचेचा होतो? मी पाणी पिऊनसुद्धा बोललो असतो!

हे लिहिलं आणि थांबलो. नसतो बोललो. तुम्हाला ते माहीत होतं आणि मला आज कळतंय. तरीसुद्धा राग आहे. आयोडीनचा थेंब निळा झाला नाही की "जादू रे" म्हणायचात, तेही ठरवूनच का? का ते खरं होतं? हे एक मला आक्कासुद्धा सांगू शकली नाही. ती म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई." मी ते खरं धरतो. मला तेवढं धरू द्या.

आणि बारा दिवस मी जे भोगलं त्याचा हिशेब तुमच्याकडे आहे की नाही? फाईल लपवायची होती तर नीट लपवायची होती!

पिंप मी ओतलं नाही. झाकण परत लावलं. नळी टाकून बघितली, आकडा मागच्या पिंपांएवढाच खाली उतरलाय, म्हणजे बाटल्या भरायला तयार. येत्या रविवारी भरतो. मोड आक्काचे, भाजणं आक्काचं, आणि वहीतल्या शेवटच्या रकान्याचं नाव मी बदलणार होतो. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यांचं." म्हणून राहू दिलं.

प्रमोदचा एक डबा शिल्लक आहे. तो संपला की पुढचा येईल न येईल. त्यावर काही अवलंबून ठेवत नाही. दर रविवारी वडगावहून अकराच्या एसटीनं मी येईन. पिंप असलं तरी आणि नसलं तरी. आक्कानं विचारायची वाट बघणार नाही. आल्या आल्या मीच काहीतरी सांगेन. काय सांगायचं ते एसटीत ठरवत येईन, पण सांगेन. आणि तिला एक घोट आता आत लपून घ्यावा लागणार नाही.

बाटल्या मुरल्या की पहिल्या बाटलीतून तुमचा ग्लास भरीन. वाकडा धरून, फेस जपून. उजेडात धरून रंग बघीन. आणि मागच्या दारात जाऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतीन. तुमचा तसाच पोचतो.

तुमचा म्हेवणा,
केमिस्ट सुभाष